गेटची मोटर उन्हाने का बसते? मुंबईतल्या नव्या वायरमनसाठी आणि नव्या सेक्रेटरीसाठी

सकाळी रिमोटवर चालणारं गेट नीट चालतं, दुपारी दोनला अर्ध्यात अडतं आणि संध्याकाळी सहाला आपोआप पुन्हा चालू होतं. मार्च-एप्रिलमध्ये आणि मग ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या सोसायट्यांकडून हीच तक्रार येत राहते. नवखा वायरमन अशा वेळी मोटर चालवणारा कंट्रोल बोर्ड बदलायला सांगतो. बोर्डावर दिवे असतात, तारांचं जंजाळ असतं, दोष तिथेच असणार असं वाटतं. मुरलेला फिटर आधी मोटरच्या झाकणावर हात ठेवतो. हात ठेवल्यावर पुढे काय करायचं ते इथे क्रमाने लिहितो आहे. गेट ऑटोमेशनच्या कामात नुकत्याच आलेल्या मुलांसाठी हे आहे, आणि ज्यांच्या सहीने बिलं पास होतात त्या कमिटीच्या मंडळींसाठीही.

हवेचं तापमान वेगळं, डब्यातलं वेगळं

मोटरच्या पाटीवर बहुतेक वेळा "उणे २० ते अधिक ५५ अंश सेल्सिअस" असं काहीतरी छापलेलं असतं. विकणारा म्हणतो, मुंबईत ५५ कुठे होतं? खरंच होत नाही. सांताक्रूझ वेधशाळेच्या नोंदींत ४२.२ अंशांचा आकडा आहे, तो १४ एप्रिल १९५२ चा. राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश झाले. कुवेतमधल्या मित्रिबाहला त्याच वर्षी २१ जुलैला ५३.९. म्हणजे जिथे माणूस बाहेर उभा राहू शकत नाही त्या वाळवंटातही हवा पाटीवरच्या आकड्याच्या आतच राहिली, आणि तरी तिकडे मोटरी दर उन्हाळ्यात बसतातच.

वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीत, सावलीत असतो. तुमची मोटर काळ्या किंवा गडद राखाडी झाकणाखाली, सिमेंटच्या कट्ट्यावर, बहुधा पश्चिमेच्या उन्हात असते. झाकणावर ऊन पडतं, खालून कट्टा तापलेला असतो, आत ट्रान्सफॉर्मर दिवसभर थोडा थोडा गरम राहतो आणि दर वेळी गेट हललं की मोटर स्वतःची उष्णता त्यात ओतते. बाहेर ३७-३८ असताना आत ५५-६० होणं ही मुंबईतली साधी गोष्ट आहे. पाटीवरचा आकडा मोटरच्या भोवतालच्या हवेचा असतो, आणि बोर्डाच्या दृष्टीने भोवतालची हवा म्हणजे झाकणाखालची हवा.

म्हणून पहिलं काम: तारेच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, माशांच्या टाकीला लावतात तसला. सेन्सर झाकणाच्या आत, बोर्डाच्या शेजारी, कुठल्याही उघड्या टर्मिनलला लागणार नाही असा चिकटवा. डिस्प्ले बाहेर ठेवा. दुपारी बारा ते पाच दर तासाला वॉचमनकडून आकडा वहीत लिहून घ्या. दिवसही निवडा. ज्या दिवशी जमिनीवरचे पूर्वेचे वारे जोरात असतात आणि समुद्राकडचा वारा उशिरा सुटतो, त्या दिवशी मुंबई खरी तापते. किनारपट्टीवर हवामान खातं ३७ अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, बाकी सपाट प्रदेशात ४० पासून, हेही लक्षात असू द्या. आठवडाभराची ही वही हातात असली की कंपनीच्या माणसाशी बोलणं सोपं जातं.

झाकण उघडण्याआधी

एमसीबी खाली. बॅकअप बॅटरी असेल तर तिची एक तार सोडवा, कारण एमसीबी पाडूनही बोर्ड जिवंत राहतो. उन्हाने थर्मल ट्रिप झालेली, म्हणजे तापून स्वतःच बंद पडलेली, मोटर गार झाली की आतला कटआउट आपोआप पुन्हा जुळतो. तेवढ्यात कोणी रिमोट दाबला आणि तुमचं बोट पिनियनपाशी, म्हणजे गेट सरकवणाऱ्या दातेरी चाकापाशी, असलं, तर पुढचं सांगायला नको.

मग किल्लीने मॅन्युअल रिलीज करा, म्हणजे गेट मोटरपासून सुटून हाताने सरकेल. त्याआधी गेटच्या दोन्ही टोकांचे स्टॉपर बघा. कम्पाउंडचा उतार रस्त्याच्या गटाराकडे असतो, रिलीज झालेलं गेट स्वतःहून घरंगळतं, आणि स्टॉपर नसेल तर रुळावरून सुटून अंगावर येतं. चारशे-पाचशे किलोचं लोखंड दोन माणसांनाही थोपवता येत नाही. ही किल्ली सेक्रेटरीच्या कपाटात ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ती वॉचमनच्या केबिनमध्ये हवी आणि दिवसपाळी-रात्रपाळी दोघांनाही वापरता यायला हवी.

आवाज ऐका

मीटर काढायच्या आधी कान वापरा. गेट अडलेलं असताना रिमोट दाबला की तीनपैकी एक गोष्ट होते.

बोर्डावर दिवे लागतात, रिले (बोर्डावरचा छोटा स्विच) टक् करतो, पण मोटर एकदम गप्प. वीस-चाळीस मिनिटांनी, किंवा उन्हं उतरल्यावर, चालते. हा थर्मल कटआउट. वायंडिंगमध्येच, म्हणजे मोटरच्या तांब्याच्या गुंडाळीतच, बसवलेला असतो आणि वायंडिंग साधारण १२० ते १५० अंशांच्या दरम्यान गेलं की, मॉडेलप्रमाणे, तो सप्लाय तोडतो. तो बिघाड नाही, मोटर वाचवण्यासाठीच ठेवलेला आहे. तो "बायपास" करून देणारे महाभाग बाजारात भेटतात. त्यांना नमस्कार करून वाटेला लावा.

मोटर गुं-गुं करते, थरथरते, पण हलत नाही. रिलीज करून गेट हाताने ढकललं तर हलकं जातं. हा बहुतेक वेळा कंडेन्सर, म्हणजे रन कपॅसिटर.

मोटर फिरते, गेट हलतं, थोडं पुढे जाऊन परत उलटं येतं. समोर अडथळा काहीच नाही. इथे संशय गेटच्या यांत्रिक भागावर, फोटोसेलवर (वाटेत कोणी आलं का ते किरणाने बघणारा डोळा) किंवा फोर्सच्या, म्हणजे मोटरच्या जोराच्या, सेटिंगवर. बोर्डाला हात सर्वांत शेवटी.

आत काय बिघडतं

तांब्याचा विजेला होणारा विरोध दर अंशामागे सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. वायंडिंग २५ वरून १०५ अंशांवर गेलं की विरोध जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाढलेला असतो. जोर कमी, उष्णता जास्त. त्यात गेटपर्यंतची केबल लांब आणि बारीक असेल तर व्होल्टेज आणखी पडतं. मोटर चालू असताना, भर दुपारी, मोटरच्याच टर्मिनलवर मोजा. २३० च्या जागी २०७ च्या खाली आकडा दिसला तर मोटरला शिव्या देण्यात अर्थ नाही, केबल बदला.

कंडेन्सरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मुंबईत सर्वांत जास्त बदलला जाणारा आणि सर्वांत कमी विचार करून घेतला जाणारा भाग तोच आहे. लोहार चाळीत जाऊन "बारा पॉइंट पाचचा द्या" (म्हणजे १२.५ मायक्रोफॅरडचा) म्हटलं की एक प्लॅस्टिकचा डबा हातात येतो आणि माणूस निघतो. त्या डब्यावर बारीक अक्षरांत अजून दोन गोष्टी असतात. एक म्हणजे "२५/७०/२१" किंवा "२५/८५/२१" असे तीन आकडे. पहिला उणे किती अंशांपर्यंत चालेल, दुसरा अधिक किती अंशांपर्यंत, तिसरा दमट उष्णतेच्या चाचणीत किती दिवस ठेवून पाहिलं. उन्हातल्या गेटसाठी ८५ वालाच मागा. दुसरी गोष्ट म्हणजे आयुष्याचा वर्ग: ए म्हणजे ३०,००० तास, बी १०,०००, सी ३,००० आणि डी १,०००. व्होल्टेज ४५० असावं. एवढं विचारलं की दुकानदार एकदा तुमच्याकडे नीट बघतो, मग मागच्या फडताळातला माल काढतो.

जुना कंडेन्सर मोजताना आधी तो रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची सवय लावून घेऊ नका. छापलेल्या मायक्रोफॅरडच्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली आला असेल तर बदला. थंड असताना बरोबर आणि तापल्यावर घसरलेला, असाही भेटतो, म्हणून तक्रार दुपारची असेल तर मोजमापही दुपारीच.

बोर्डावरचे छोटे उभे कपॅसिटर ही वेगळी जात. त्यांच्यात द्रव असतो आणि तो उष्णतेने सुकत जातो. धंद्यातला ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. १०५ अंशांना २,००० तासांचा कपॅसिटर सतत ६५ अंशांवर राहिला तर ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांच्या थोडं पुढे. सतत ७५ वर राहिला तर १६,००० तास, दोन वर्षंही नाहीत. डब्यातलं तापमान रात्री उतरतं, त्यामुळे प्रत्यक्षात इतका कडक हिशोब नसतो, पण सावलीतल्या बोर्डाचं आणि उन्हातल्या बोर्डाचं आयुष्य इतकं वेगळं का, ते यातून कळतं. डोकं फुगलेला, तळाशी तपकिरी ओघळ आलेला कपॅसिटर दिसला की रिमोटची रेंज कमी होणं, बोर्ड मध्येच रीसेट होणं, या सगळ्यांचा उलगडा होतो. लॅमिंग्टन रोडला असे कपॅसिटर किरकोळ पैशांत मिळतात. चांगला सोल्डरिंगचा हात असेल तर हजारोंचा बोर्ड वाचतो. कमिटीने हा प्रश्न विचारायलाच हवा: बोर्ड बदलायचा म्हणता, दुरुस्त का होत नाही?

ग्रीसबद्दल गैरसमज जास्त. लिथियम ग्रीस वितळायला साधारण १८० अंशांच्या पुढे जावं लागतं, त्यामुळे गिअरबॉक्समधलं ग्रीस उन्हाने "वितळलं" असं होत नाही. होतं असं की सततच्या उष्णतेने त्यातलं तेल सुटून खाली जमतं आणि गिअरवर ग्रीसचा कोरडा, साबणासारखा घट्ट भाग उरतो. गिअरबॉक्सखाली तेलाचा डाग दिसला तर समजा. रॅकला, म्हणजे गेटवरच्या दातेरी पट्टीला, मात्र ग्रीस लावूच नका. मेट्रोचं काम, शेजारचं रिडेव्हलपमेंट, सगळी सिमेंटची धूळ त्यावर बसते आणि पिनियनचे दात कानशीने घासल्यासारखे झिजतात.

बॅटरी, रिमोट, वायर यांचं थोडक्यात. बॅकअपची सीलबंद १२ व्होल्टची बॅटरीही दर १० अंशांना आयुष्य निम्मं करून घेते. शिवाय तापलेल्या बॅटरीला चार्जिंगचं व्होल्टेज कमी लागतं, अंशामागे सुमारे १८ मिलिव्होल्ट. डब्यात ४५ अंश असतील तर २५ च्या हिशोबाने लावलेला चार्जर तिला सुमारे ०.३६ व्होल्ट जास्त देत राहतो आणि ती फुगते. उपाय सोपा: जाड केबल टाकून बॅटरी वॉचमनच्या केबिनमध्ये हलवा. रिमोट गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये हे सदस्यांना एकदा नोटीस बोर्डावर लिहून सांगा. साधी पीव्हीसी वायर ७० अंशांची असते, उन्हात उघडी पडली की तडकते, तेव्हा ती कन्ड्युटमधूनच, म्हणजे वायरच्या पाइपातूनच, जाऊ द्या.

सर्वांत स्वस्त उपाय: सावली, आणि ताडपत्री काढणं

मुंबईत मोटर उष्णतेने मरण्याचं एक खास स्थानिक कारण आहे. जूनमध्ये पाऊस लागला की वॉचमन मोटरला निळी ताडपत्री किंवा जाड प्लॅस्टिक गुंडाळतो, वर सुतळी. चांगल्या हेतूने. ऑक्टोबर येतो, ऊन कडक होतं, प्लॅस्टिक तसंच. पुढचा मार्च येतो, तरी तसंच, फक्त रंग उडालेला. आत कोंडलेला दमटपणा, बाहेरून ऊन आणि उष्णता निघून जायला वाट नाही. गणपती विसर्जन झालं की ताडपत्री निघाली पाहिजे, असा नियम करून टाका. खरं तर ती बांधावी लागते याचाच अर्थ झाकणाचं रबर गेलेलं आहे. ते बदला, म्हणजे जूनमध्येही ताडपत्री लागणार नाही.

झाकणाला भोकं पाडून "हवा खेळती" ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आयपी ५४ किंवा ५५ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) चं झाकण भोकं पाडल्यावर नुसतं टोपडं उरतं. पाणी जातं, मुंग्या जातात, आणि पाल तर अशा उबदार जागेच्या शोधातच असते. दोन टर्मिनलांवर पाल आडवी झाली की बोर्डाचा आणि तिचा शेवट एकदमच होतो.

करायचं ते असं: मोटरच्या वर वेगळं पत्र्याचं छप्पर. झाकणापासून तीन-चार बोटं अंतर ठेवून, पांढरा किंवा फिका रंग लावून, दक्षिण आणि पश्चिम बाजूला थोडं खाली उतरतं. मधल्या फटीतून वारा वाहायला हवा. पत्रा तापेल, झाकण तापणार नाही. हे छप्पर हलत्या गेटला लागू नये, रिलीजच्या किल्लीची खिडकी झाकू नये आणि फ्लॅशिंग लाइटच्या आड येऊ नये. वरळी, वर्सोवा, उत्तन अशा समुद्रालगतच्या ठिकाणी साधा पत्रा दोन पावसाळ्यांत गंजून जातो. तिथे ॲल्युमिनियम किंवा फायबर वापरा. छप्पर बसवल्यावर थर्मामीटरची वही पुन्हा आठवडाभर भरा. फरक आकड्यांत दिसला पाहिजे, नाहीतर छप्पर चुकीच्या बाजूला आहे.

आता एक गोष्ट जी वाळवंटातल्या सूचनांत वेगळी सांगतात आणि इथे तशीच उचलली तर नुकसान होतं. तिकडे शत्रू वाळू असते, म्हणून प्रत्येक फट, प्रत्येक ग्लँड (केबल आत शिरते तिथलं बूच) घट्ट बंद करतात. आपल्याकडे कोणी उत्साहाने सगळीकडून सिलिकॉन मारतो आणि तळाचं पाणी निघायचं भोकही बुजवतो. मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस येतो. तापलेल्या डब्यावर गार सरी कोसळल्या की आतली हवा एकदम आकसते आणि कुठल्याही बारीक चिरेतून बाहेरची ओली हवा आत ओढली जाते. ती बोर्डावर थेंब होऊन बसते. पहिल्या पावसात बोर्ड गेला की सगळे पावसाला दोष देतात, पण रबर तडकवून वाट आधीच उन्हाने करून ठेवलेली असते. तेव्हा वरून आणि बाजूंनी घट्ट, केबलच्या पाइपाचं तोंड बंद, पण तळाचं भोक बारीक जाळी लावून उघडं. बोर्डावर संरक्षक लॅकरचा थर असलेला मिळाला तर समुद्राजवळ तोच घ्या.

गाड्या मोजा

सोसायटीच्या गेटची मोटर दुपारी बसते त्यात ऊन अर्धं असतं, उरलेली अर्धी गर्दी. पाटीवर "ड्यूटी ३० टक्के", म्हणजे मोटर एकूण वेळाच्या ३० टक्केच चालावी, अशासारखं काही असेल तर त्याचा हिशोब करून बघा. ६ मीटरचं गेट मिनिटाला १० मीटर वेगाने सरकतं. उघडायला ३६ सेकंद, बंद व्हायला ३६, एका फेरीला ७२. तासाच्या ३० टक्के म्हणजे १,०८० सेकंद. म्हणजे तासाला १५ फेऱ्या. तुमच्याकडे सकाळी आठ ते दहा किती गाड्या जातात? त्यात स्कूल बस, दूधवाला, डिलिव्हरीवाले धरा. आणि ते ३० टक्के बहुधा सौम्य हवेत मोजलेले असतात. डबा ५५ ला असताना तेवढेही मिळत नाहीत.

यावर माझं मत अगदी सरळ आहे. गर्दीच्या वेळी गेट उघडं ठेवा आणि वॉचमन उभा करा, किंवा गाड्यांसाठी बूम बॅरियर (टोल नाक्यावरच्यासारखा वर उचलला जाणारा दांडा) लावा आणि जड गेट रात्रीपुरतं ठेवा. मोठी मोटर घेऊन प्रश्न सुटतो, पण पैसेही तसेच जातात. घ्यायचीच असेल तर सतत वापरासाठी बनवलेली २४ व्होल्टची ब्रशलेस (कार्बनचे ब्रश नसलेली) मोटर घ्या. ती कमी तापते आणि वेग कमी-जास्त करून गेट अलगद थांबवते.

गेट स्वतः नीट आहे का

रिलीज करून गेट एका हाताने सरकवून बघा, एकदा सकाळी सात वाजता आणि एकदा दुपारी तीनला. फरक जाणवला तर दोष मोटरचा नाही. लोखंड मीटरमागे दर अंशाला ०.०१२ मिमी वाढतं. ६ मीटरचं गेट सकाळच्या २५ वरून दुपारी ६० अंशांवर गेलं की लांबी अडीच मिमी वाढते. सरकत्या गेटला याचं फारसं काही नाही. पण दोन झडपांचं उघडझाप गेट असेल तर मधली फट मिटते आणि इलेक्ट्रिक लॉकची जीभ अडकते. फट आणि लॉकची खाच सकाळी नव्हे, दुपारी जुळवून घ्या.

एका बाजूने पत्रा मारलेलं सरकतं गेट उन्हात किंचित वाकतं. बाहेरची बाजू तापते, आतली सावलीत. रॅक आणि पिनियनमध्ये एक-दोन मिमी अंतर ठेवायला सांगतात, तेही तपासा. हे अंतर संपलं की गेटचं वजन पिनियनवर येतं, बेअरिंग जातं, मोटर तापते, आणि सगळे म्हणतात उन्हाने गेली. रोलरही बघा. नायलॉनचा रोलर एका बाजूला चपटा झाला असेल तर तो प्रत्येक फेरीला धक्का देतो.

इथे एक इशारा, आणि तो गंभीर आहे. गेट मध्येच उलटं येतंय म्हणून बोर्डावरचा फोर्सचा स्क्रू फिरवून जोर वाढवणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत धोकादायक उपाय. युरोपातल्या ईएन १२४५३ या मानकात मिटत्या गेटच्या धारेशी, म्हणजे जिथे माणूस चेंगरू शकतो तिथे, ४०० न्यूटनपेक्षा जास्त जोर बसू नये आणि पाऊण सेकंदात तो १५० च्या खाली यावा असं आहे. गेटजवळ सोसायटीतली मुलं खेळत असतात. गेट जड चालतंय तर रोलर आणि रूळ दुरुस्त करा, फोर्सला हात लावू नका. कोणी तो मार्चमध्ये वाढवलेला असेल तर पावसाळ्यात कमी करायची आठवण कुणालाच राहत नाही.

फोटोसेलचं एक दुखणं उन्हाचं असूनही उष्णतेचं नाही. फोटोसेलच्या रिसीव्हरचं, म्हणजे किरण घेणाऱ्या डोळ्याचं, तोंड पश्चिमेला असेल तर संध्याकाळी पाचच्या पुढे सूर्य थेट त्याच्यात जातो आणि गेट बंदच होत नाही. रोज ठराविक वेळी हे होत असेल तर पाठवणारा आणि घेणारा डोळा यांच्या जागांची अदलाबदल करा, म्हणजे घेणाऱ्याची पाठ सूर्याकडे येईल. वर छोटी टोपी लावा. खर्च शून्य.

आखातात कामाला जाणाऱ्यांसाठी

मुंबईत शिकून दुबई, कुवेत, सौदीला जाणारी मुलं या धंद्यात बरीच आहेत. वरचं सगळं तिकडेही लागू, पण काही गोष्टी उलट्या. दिवस आणि रात्र यांच्या तापमानातला फरक मोठा असतो, त्यामुळे सोल्डरचे सांधे रोज ताणले-सैलावले जाऊन चिरतात. बोर्डावर हलका दाब देताच यंत्र जिवंत झालं तर तोच दोष, मात्र हे कमी व्होल्टेजच्या बाजूलाच, कोरड्या लाकडी काठीने तपासा. वाळू रुळात भरते, तेव्हा रूळ झाडण्याचं काम रोजचं. तेलावर चालणारे हायड्रॉलिक ऑपरेटर असतील तर दुपारी तेल पातळ होऊन दाब पडतो. कंपनीने गरम प्रदेशासाठी सांगितलेलंच तेल भरा. सौदीत वीज ६० हर्ट्झची आहे, त्यामुळे भारतातून नेलेली ५० हर्ट्झची एसी मोटर तिथे सुमारे पाचव्या हिश्शाने जास्त वेगाने पळते. पाटी वाचल्याशिवाय जोडू नका.

आणि अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करायला बंदी आहे. तुमचा दोष मात्र नेमका त्याच वेळी दिसतो. म्हणून तापमान नोंदवत राहणारा छोटा लॉगर सकाळीच डब्यात ठेवायचा आणि चारनंतर काढून वाचायचा. भर उन्हात झाकण उघडून शौर्य दाखवायची गरज नाही. तिथला मुकादमही ते खपवून घेणार नाही.

वर्षाची वेळ आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार)

फेब्रुवारीच्या शेवटी कंडेन्सर, व्होल्टेज, रोलर, छप्पर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, वळवाच्या आधी, झाकणाचं रबर, तळाचं भोक, अर्थिंग. विसर्जनानंतर ताडपत्री काढणं आणि डब्यातली मुंग्यांची माती झाडणं. एवढ्या तीन भेटी एएमसीच्या कागदावर कामांच्या नावानिशी लिहून घ्या. नुसतं "वर्षात तीन सर्व्हिस" असं लिहिलेलं असलं की माणूस येतो, फडका मारतो, सही घेतो.

नवी मोटर घेताना कोटेशनवर चार गोष्टी लिहून मागा: चालण्याचं कमाल तापमान, ड्यूटी किती टक्के आणि कुठल्या तापमानाला, आयपीचा आकडा, आणि थर्मल कटआउट किती अंशांचा. चौथ्याचं उत्तर विक्रेत्याला सहसा तोंडी येत नाही. कंपनीचा छापील कागद मागवा. बदललेला प्रत्येक जुना भाग सोसायटीच्या ताब्यात ठेवा आणि त्यावर मार्करने तारीख, वेळ आणि त्या दिवशीचं डब्यातलं तापमान लिहा. पुढच्या एप्रिलमध्ये कोणी पुन्हा "बोर्ड गेला" म्हणालं की ती पिशवी त्याच्यासमोर ठेवता येते.